फोटो का काढता? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड आणि पाटण तालुक्यांतल्या गावांत जाऊन वयस्कर माणसांचे फोटो काढते, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. पोटापाण्यासाठी नाही; त्यासाठी सहकारी बँकेतली कारकुनी होती, आता पेन्शन आहे. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, फोनवर लोक तेच ते प्रश्न विचारतात. नव्यानं कॅमेरा हातात घेतलेली पोरंपोरीही विचारतात. एकदा लिहून ठेवावं म्हणजे घसा कोरडा पडायचा नाही, एवढाच या पानाचा हेतू. कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल इथे फारसं सापडणार नाही. ते शिकवणारे खंडीभर आहेत.

तुम्ही फोटो काढायला का लागलात?

एका पासपोर्ट फोटोमुळे.

२००३ चा पावसाळा. मी बचत खात्याच्या काउंटरला होते. कोयनेच्या बाजूच्या एका वाडीवरून एक बाई नवऱ्याचं खातं बंद करायला आली होती. कागदपत्रं चोख होती. मृत्यूचा दाखला, वारस म्हणून तिचं नाव, पासबुक. शिल्लक चौदाशे रुपये आणि वर काही पैसे. तिनं नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि तरी काउंटरपाशीच उभी राहिली. हिशेबात काही शंका असेल असं मला वाटलं. तर म्हणाली, "बाई, त्या कार्डावरचा त्यांचा फोटू मिळंल का? घरात दुसरा न्हाई."

सहीच्या नमुन्याच्या कार्डावर खातेदाराचा फोटो चिकटवलेला असतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. वर बँकेचा शिक्का, अर्धा कार्डावर आणि अर्धा नेमका त्या माणसाच्या गालावर. कार्ड बँकेच्या दप्तरातलं, ते देता येत नाही. मी तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि छत्री उघडून निघून गेली. भांडली असती तर कदाचित मी विसरूनही गेले असते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं. "मला यातलं काही माहीत नाही," असं म्हणून त्यांनी परवानगी दिली. जेवणाच्या सुट्टीत कार्ड घेऊन जवळच्या स्टुडिओत गेले. त्यानं फोटोवरून फोटो काढला, गालावरचा शिक्का कॉम्प्युटरवर जमेल तितका पुसला आणि पोस्टकार्ड साइझची कॉपी दिली. त्या वाडीवरून दूध आणणाऱ्या गाडीवाल्याकडे ती पाकिटात घालून पाठवली. पोचली का, तिला आवडली का, मला आजही ठाऊक नाही.

पण मग कार्डं चाळताना माझं लक्ष सह्यांकडून फोटोंकडे जायला लागलं. मागे निळा पडदा, मान ताठ, गळ्यापर्यंत बटण लावलेलं, डोळ्यांत जरा भीती. जन्मठेपेचे कैदी असावेत तसे सगळे. आणि यातल्या कितीतरी जणांचा जन्मात निघालेला हा एकच फोटो असणार, हे डोक्यातून जाईना. त्या दिवाळीच्या बोनसमध्ये मी सेकंडहँड कॅमेरा घेतला. घरी सांगितलं की भाचीच्या बारशाला उपयोगी पडेल.

म्हणजे त्याआधी कॅमेरा कधी हाताळलाच नव्हता?

हाताळला होता. मामाकडे आग्फा क्लिक थ्री होता. आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत तो किंवा त्याचा भाऊबंद होताच. बडोद्याला तयार व्हायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. गणपतीत चार, दिवाळीत चार, उरलेले कुणाच्या तरी लग्नात, असा एक रोल वर्षभर पुरवायचा. मग रोल धुवायला टाकायचा आणि काय आलंय त्याची आठवडाभर वाट बघायची. मला नववीत असताना एकदा बटण दाबायला दिलं होतं. फोटोत सगळ्यांचे पाय सुरेख आले, डोकी नाही. मामानं पुन्हा कॅमेरा दिला नाही, आणि मीही मागितला नाही. आवड वगैरे म्हणाल तर ती नव्हतीच.

मला अजून माझं कारण सापडलेलं नाही. कारण नसताना सुरू केलं तर चालेल का?

चालेल. कारण आधी पक्कं करून मग कॅमेरा घेतलाय, असा माणूस मला भेटलेला नाही. बहुतेकांचं कारण मागाहून कळतं, आणि पुष्कळदा ते पहिल्यापेक्षा वेगळंच निघतं.

जुनी माणसं बघा. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा धरला आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होऊन 'राजा' ही पदवी मिळवली. नकाशे काढणाऱ्याला सरळ रेघेची सवय असते. त्यांच्या महालांच्या फोटोंत खांब कसे काटकोनात उभे आहेत ते पाहिलं की मला उगाच ती जुनी नोकरी दिसते.

रघु राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. साठच्या दशकात एका खेड्यात गेले असताना त्यांना गाढवाचं पिल्लू दिसलं. ते पळायचं, हे मागे पळायचे. शेवटी पिल्लू दमून थांबलं आणि यांनी फोटो घेतला. थोरले भाऊ एस. पॉल स्वतः फोटोग्राफर. त्यांनी तो लंडनच्या 'टाइम्स'ला पाठवला आणि तिथे तो छापून आला. गाढवामागे धावताना या माणसाला 'माझी प्रेरणा काय' असं विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं?

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते बडोद्याचे ज्योती भट्ट. मूळचे चित्रकार. १९६७ साली एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेचे फोटो काढायचं काम आलं. भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदण. फिरताना त्यांच्या ध्यानात आलं की हे सारं पुसलं जातंय. रांगोळी तर संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. तेवढ्यापुरतं घेतलेलं काम मग ते अनेक वर्षं, अनेक राज्यांत करत राहिले. त्यांचे फोटो बघताना नुसती रांगोळी दिसत नाही, ती काढणारी बाईही दिसते, तिचं दार दिसतं.

तेव्हा सुरू करा. वर्षभरानं आपलेच फोटो एका सतरंजीवर पसरून बघा. कशाचे जास्त आहेत? उत्तर तिथे असतं. माझ्या पहिल्या वर्षीच्या रोलमध्ये प्रीतिसंगमावरचे सूर्यास्त होते, पाल्याच्या टोपल्या होत्या, आणि मधून मधून म्हातारी माणसं होती. सूर्यास्त सगळे सारखेच निघाले.

लाइक्ससाठी, नावासाठी फोटो काढणं वाईट आहे का?

नाही. इतक्या कष्टानं केलेली भाजी कुणी चाखली नाही तर वाईट वाटतंच. मीही एका स्पर्धेत फोटो पाठवले होते. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रावर नाव चुकीचं छापून आलं, ते अजून फ्रेम करून ठेवलंय. फक्त एक होतं. बक्षीस मिळाल्यावर मी सहा महिने तसेच फोटो काढत होते: सुरकुत्या, विडी, धूर, काळं-पांढरं. माणूस विडी ओढत नसला तरी हातात धरायला सांगायचे. एका आजोबांनी मला झापलं. "मी माळकरी हाय, विडी कसली देती?" तेव्हा थांबले.

याच्या दुसऱ्या टोकाला लोक शिकागोच्या व्हिव्हियन मायरचं नाव घेतात. तिनं आयुष्य दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात घालवलं, रस्त्यावर लाखाच्या वर फोटो काढले आणि जवळपास कुणाला दाखवले नाहीत. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात निगेटिव्हची खोकी निघाली. कितीतरी रोल तर धुतलेलेसुद्धा नव्हते. २००९ मध्ये ती गेली, आणि जगात नाव झालं ते त्यानंतर. हिला 'निःस्वार्थ कलेची संन्यासिनी' वगैरे ठरवून टाकायची घाई मला पटत नाही. रोल धुवायला पैसे लागतात. दाखवायला कुणीतरी जवळचं लागतं. तिच्याकडे दोन्हींची चणचण असेल, किंवा तिला नसेलही दाखवायचं. तिनं सांगून ठेवलेलं नाही, तर आपण तिच्या तोंडी काही घालू नये.

फोटो काढण्याच्या नादात समोरचा क्षण निसटतो, असं म्हणतात. खरं आहे का?

थोडं खरं आहे. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर प्रयोग केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात नेलं; काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तूंबद्दल त्यांना कमी आठवत होतं. जणू मेंदू म्हणाला, कॅमेऱ्यानं ठेवलंय ना, मग मी कशाला ठेवू! पण ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळून टिपायला सांगितला होता, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. त्यांना त्या भागाबाहेरचंही आठवत होतं.

माझा अनुभव याच्याशी जुळतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण आमच्याच जिल्ह्यात, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला होतं. पहिल्या वर्षी मी तिथे तीन रोल संपवले आणि घोड्याचा रंग सांगता येईना. पुढच्या खेपेला एकाच टाळकऱ्याचे फक्त हात बघायचे ठरवलं. त्या माणसाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, ती टाळाच्या दोरीनं काळी पडली होती, हे मला आजही दिसतं. घोडा पुढ्यातून गेला तेव्हा कॅमेरा गळ्यातच होता. तो फोटो नाही. घोडा मात्र चांगला आठवतो.

कॅमेरा कोणता घेऊ?

जो आहे तो. खरंच. खिशातल्या मोबाइलवर एक वर्ष काढा. त्यानंतरही अडत असेल तर सेकंडहँड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणि ५० मिलिमीटरची, एक पूर्णांक आठ अॅपर्चरची (उजेड आत घेणारं भोक मोठं असलेली) साधी लेन्स घ्या. ती स्वस्त मिळते, अंधाऱ्या घरातही चालते, आणि झूम नसल्यामुळे पायांनी पुढे-मागे सरकावं लागतं. माणसाजवळ जायचं असेल तर चालत जावं, एवढं ती शिकवते. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि यावर बोलायचा मला सर्वांत जास्त कंटाळा आहे.

घरच्यांना हा पैशांचा आणि वेळेचा चुराडा वाटतो. त्यात मी बाई. काय करू?

आमच्याकडे पहिली दोन वर्षं कॅमेरा गव्हाच्या डब्यामागे असायचा. लपवलेला नव्हता, पण दिसेल असाही नव्हता. फिल्मच्या काळात खर्च डोळ्यांत भरायचा. ३६ चा रोल, तो धुणं, कॉप्या काढणं. महिन्याला दोन रोल म्हणजे त्या वेळी घरातल्या दुधाच्या बिलाइतके पैसे जायचे. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्यात एक पितळी पातेलं आलं असतं." बरोबरच होतं त्यांचं. भांडून काही उपयोग झाला नाही. झाला तो असा, की त्यांच्या माहेरी एका कार्याला गेलो असताना मी त्यांच्या नव्वदीच्या मावशीचा फोटो काढला. मावशी वारल्यावर तोच फोटो त्या घरात लागला, आणि "आमच्या सुनंनं काढलाय" हे सासूबाईंनी दहावा, बारावा, तेरावा असं तीनही दिवस सगळ्यांना सांगितलं. पातेल्याचा विषय तिथे संपला.

रविवारी सकाळी बाई एकटी कॅमेरा घेऊन कुठे जाते, हा प्रश्न घरच्यांपेक्षा शेजाऱ्यांना जास्त छळतो. त्यांचे फोटो काढून द्या. बरेच नरमतात.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात, कारण त्यांच्या नावाला कुणी ओळखत नव्हतं. दिल्लीत त्या साडी नेसून, सायकलवर, खांद्याला अवजड सामान लावून फिरायच्या. बाईमाणूस म्हणून लोक त्यांना गंभीरपणे घेत नसत आणि त्यामुळे त्यांना हवं तिथे सहज जाता येई. हे मलाही लागू पडतं. मी कुठल्याही परड्यातून थेट चुलीपर्यंत जाऊ शकते. माझ्या भाच्याला ओसरीच्या पुढे कुणी जाऊ देत नाही.

लोक फोटो काढू देतात का? फोटो काढल्यानं आयुष्य कमी होतं असं अजून मानतात?

फार थोडे. पूर्वी हे सगळीकडे होतं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९०० च्या सुमारास प्लेगनं पहिली बायको आणि मूल नेलं तेव्हा त्यांनी तो गुंडाळला. नंतर बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक येईना. घरात प्लेगनं दोन मरणं बघितलेल्या माणसाला ही अफवा ऐकताना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता अडचण वेगळी आहे. आता प्रत्येकाच्या नातवाकडे मोबाइल आहे, आणि आजीचे फोटोही असतात, पण ते वाढदिवसाच्या केकमागे, टोपी घातलेले, अर्धा चेहरा फुग्यानं झाकलेला. फोटो काढते म्हटलं की आजी विचारतात, "पेन्शनीचा हाय का?" कारण त्यांच्या लेखी फोटो म्हणजे सरकारी काम. आधार, रेशन, हयातीचा दाखला. सरळ बघा, हलू नका, हसू नका.

मी गेल्या गेल्या कॅमेरा काढत नाही. चहा होतो. पावसाचं, उसाच्या बिलाचं, गुडघ्यांचं बोलणं होतं. मग सोप्यात, दाराकडे तोंड करून बसवते. दारातून येणाऱ्या उजेडासारखा उजेड कुठल्याही स्टुडिओत नाही. मागे घरातलंच घोंगडं टांगायचं. काळं घोंगडं उजेड पिऊन टाकतं, चेहरा तेवढा उठून येतो. आणि पहिले दहा फोटो वाया जाणार हे धरून चालायचं. सगळे पासपोर्टचेच निघतात. अकराव्याला कुणीतरी चुलीपाशी दूध उतू घालतं, आजी मान वळवून सुनेला काहीतरी सुनावतात, पुन्हा माझ्याकडे बघतात. तो फोटो.

तुम्ही म्हाताऱ्यांचे फोटो भिंतीवर हार घालण्यासाठीच काढता म्हणे. हे अशुभ नाही का?

हा प्रश्न साधारण पन्नाशीतली माणसं विचारतात. सत्तरीच्या पुढचं कुणी विचारत नाही.

आपल्याकडे माणूस गेल्यावर काय होतं ते बघा. प्रेत अजून दारात असतं आणि एक पोरगा फोटो शोधत कपाटं उचकत असतो. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो सापडतो. त्यातून चेहरा कापून मोठा करायचा. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहून जातो. स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर तो हात पुसतो, वर कोट चढवतो, मागे निळं आकाश घालतो. जन्मभर धोतर-बंडीत राहिलेला माणूस तेराव्याला टायमध्ये. लग्नातला फोटो नसला तर मतदार ओळखपत्रावरचा. तो मोठा केला की चेहऱ्याचे ठिपके होतात. अशा ठिपक्यांना मी नमस्कार केलेला आहे.

ज्यांचा फोटो काढायचा त्यांच्यापासून मी हे लपवत नाही. पहिल्यांदा फार जड गेलं, शब्द फिरवत बसले होते. तर ती आजीच म्हणाली, "हाराला जागा सोड बाय वर. न्हाईतर कपाळ झाकतंय." तेव्हापासून मी डोक्यावर चार बोटं जागा जास्तच सोडते. जाणकार मंडळी माझे फोटो बघून म्हणतात की वर फार रिकामं ठेवता. हो, ठेवते.

एका आजोबांना टोपी घालून एक आणि टोपीशिवाय एक हवा होता. बायकोनं त्यांना पस्तीस वर्षांत बोडक्यानं पाहिलेलं नाही म्हणाले, तिनं ठरवावं कुठला लावायचा ते. एका मावशीनं ट्रंकेतनं इरकल काढली, नेसली, फोटो झाला, पुन्हा घडी घालून ठेवली आणि सुनेला सांगितलं, हीच नेसवायची. सून रडायला लागली, मावशी तिच्यावर ओरडली. एका जोडप्याला वेगवेगळे फोटो नको होते, एकत्रच हवा होता. मी विचारलं, मग एक आधी गेला तर? दोघंही विचारात पडले. शेवटी तीन काढले.

मुलांना हे कठीण जातं, हे खरं. फोटो नेऊन दिला की तो पुष्कळ घरांत कपाटात उलटा ठेवतात. आई-वडील हिंडते-फिरते असताना भिंतीवर नको म्हणतात. माझं त्यावर म्हणणं नाही. मी नाव, गाव आणि तारीख मागे पेन्सिलीनं लिहिते आणि देते.

पैसे घेता का? याचा व्यवसाय का नाही केला?

आठ बाय बारा इंचांच्या कॉपीचा आणि फ्रेमचा खर्च दिला तर घेते. नाही दिला तर वांगी, काकवी, एकदा एक जिवंत कोंबडा, जे येईल ते. लग्नाची दोन कामं केली होती. बिलावरून मांडवातच हुज्जत झाली, आणि शिवाय नवरीकडे बघायच्या ऐवजी मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या तिच्या आजीचेच चाळीस फोटो काढून आले. तिथे मला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

कास, भिगवण, निसर्ग वगैरे काही काढत नाही?

कासला जाते की. सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या वारी. सीतेची आसवं आणि गेंद बघायला. ती फुलं नखाएवढी असतात, त्यांच्यासमोर लोक पोटावर झोपून फोटो काढतात आणि उठताना त्याच फुलांवर कोपर टेकतात. मी फार काढत नाही. फुलाला माझ्या फोटोची गरज नाही, पुढच्या वर्षी ते पुन्हा येतं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला एकदा भिगवणला गेले होते. नावाडीच इतका गमतीदार निघाला की सगळे फोटो त्याचेच आले.

उत्साह आटला तर? तुमचा कधी आटला का?

आटला. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत.

फोन यायचे. "ताई, आमच्या दादांचा तुम्ही काढलेला फोटो मोबाइलवर पाठवता का?" कशाला, ते विचारायची गरज नसायची. गावं बंद, दुकानं बंद, फ्रेम कोण करणार! नुसता फोटो पाठवायचा, तो स्टेटसला लागायचा. एका आठवड्यात सहा. त्यातला एक माझ्या बरोबरीच्या, काउंटरवर शेजारी बसणाऱ्या माणसाचा. मी हार्ड डिस्कमध्ये नाव शोधायचे, फोटो उघडायचे, आणि तो माणूस सोप्यात बसून हसत असायचा, मागे घोंगडं, डोक्यावर चार बोटं जागा. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण हे काय करत बसलो होतो.

वर्षभर कॅमेऱ्याला हात लावला नाही. पाटणकडचा पावसाळा तुम्हाला माहीत असेल. कपाट उघडलं तेव्हा लेन्सला आतून बुरशी धरली होती, जाळ्यासारखी. पुण्याला नेऊन साफ करून आणली. पुन्हा सुरू का केलं, याला मोठं उत्तर नाही. एका मुलीचा फोन आला. तिच्या वडिलांचा फोटो मी २०१४ साली काढला होता. ते त्या मे महिन्यात गेले होते. तिला फोटो नको होता, तो होताच. ती म्हणाली, आई राहिली आहे, या रविवारी जमेल का?

थांबावंसं वाटलं तर थांबा. होमाईबाईंनी १९७० साली कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. पुढची चाळीस वर्षं त्या बागकाम करत, स्वतःच्या वस्तू स्वतः दुरुस्त करत राहिल्या. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, पुढच्या जानेवारीत गेल्या. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ तर उतारवयात कॅमेरा जवळजवळ सोडून पेन्सिलीनं चित्रं काढत बसले. यात हरण्यासारखं काय आहे?

आता सगळं मोबाइलमध्ये असतं. प्रिंट कशाला?

माझी एक हार्ड डिस्क २०१२ साली एका दुपारी बंद पडली. तीन वर्षांचे फोटो गेले. त्यातले शंभरेक वाचले, कारण त्यांच्या कॉप्या लोकांच्या घरात होत्या. मी घरोघर जाऊन माझ्याच फोटोंचे फोटो काढून आणले. पासपोर्ट फोटोवाली ती बाई मला तेव्हा रोज आठवत होती.

दोन ठिकाणी साठवा, एक कॉपी कागदावर ठेवा, मागे नाव लिहा. नाव फार महत्त्वाचं. माझ्या आजोळी एक फोटो आहे, पागोटं घातलेले एक गृहस्थ. तो कुणाचा, हे सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही. दसऱ्याला आम्ही त्यांनाही हार घालतो.

तुमचा स्वतःचा फोटो कुणी काढलाय का?

बँकेच्या ओळखपत्रावरचा आहे. २००१ सालचा. निळा पडदा, मान ताठ.

त्यानंतरचे आहेत ते कॅमेरा डोळ्याला लावलेले, म्हणजे तोंड दिसत नाही. भाचीला सांगून ठेवलंय. तिला उजेड कळतो, आणि ती गप्प बसू शकते. ती म्हणते, "मावशी, करू की एखाद्या रविवारी." कुठल्या रविवारी, ते सांगत नाही. घोंगडं मी धुऊन ठेवलं आहे.